राणीछाप रुपया आणि त्याचा वरचा भाव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर दाराशी घुटमळत राहिला. मुलगा शेतकऱ्याचा, रोज वीस-बावीस किलोमीटर एस.टी.ने येणारा. सगळी मुले गेल्यावर त्याने दप्तरातून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. आत चांदीचे रुपये होते. मोजले तेव्हा त्रेचाळीस भरले. बारांना कड्या डागलेल्या होत्या, म्हणजे ते कधीकाळी माळेत ओवलेले, बाकीचे सुटे.

"सर, आजीचे आहेत. विहिरीवरची मोटार जळालीय. आई म्हणते, मोडून टाका. सराफ म्हणतो, दर रुपयाला दहा ग्रॅम धरीन आणि वर शेकडा वीस घट कापीन. आणि गावातला एक जण सांगतो की राणीछाप रुपया दोन-दोन लाखाला जातो, फोनवर आलंय म्हणे. यातलं खरं कुणाचं?"

मी इतिहास शिकवतो, सराफी करत नाही. पण मुलाचा प्रश्न इतिहासाचाच होता. शिवाय खरे सांगायचे तर दोघांचेही खरे नव्हते, आणि ते का नव्हते हे कळायला रुपयाची तीन-चारशे वर्षांची हकीकत माहीत पाहिजे. तीच आज थोडक्यात सांगणार आहे. खेडोपाडी अशा पुरचुंड्या अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचा रुपया असतो, कुणाच्या ट्रंकेच्या तळाशी. कित्येकांचे तर देवांचे टाक होऊन गेले.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चांदीच्या नाण्याला एकाच वेळी तीन किमती असू शकतात. पहिली त्यातल्या चांदीची. दुसरी शिक्क्याची, म्हणजे राजाने ठरवून दिलेली. आणि तिसरी हौशीची: हे नाणे दुर्मिळ आहे म्हणून संग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो तो वरचा भाव. या तिन्ही किमती सहसा एका ठिकाणी बसत नाहीत. त्यांच्यात जे अंतर पडते, ते कुणाच्या तरी खिशातून जाते आणि कुणाच्या तरी खिशात पडते. कुणाच्या, ते आता पाहू.

रुपयाचा मूळपुरुष शेरशाह सूर. १५४० ते १५४५ एवढीच त्याची कारकीर्द, पण त्याने पाडलेला सुमारे १७८ ग्रेनचा चांदीचा रुपया मोगलांनी तसाच उचलला आणि पुढे तो देशभर चालला. चांदी चोख, वजन भरपूर. मग भांडण कशाचे? भांडण सालाचे. मोगली रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष घातलेले असे. चालू सालाचा रुपया पुऱ्या किमतीला जाई. साल उलटले की सराफ त्यावर कापून घेई. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात अनेकदा आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने हे बारकाईने टिपून ठेवले आहे. सराफ नाही असे गाव फारच लहान असले पाहिजे, असेही त्याने म्हटले आहे. बंगालमध्ये तर या कापणीचा ठरीव दरच होता. नवा तो सिक्का रुपया. वर्ष झाले की त्यावर शेकडा तीनचा बट्टा. दोन वर्षे झाली की शेकडा पाचचा.

आता एक वर्षात रुपया शेकडा तीन झिजतो काय? मुळीच नाही. पेटीत पडून राहिलेल्या, कोऱ्या करकरीत रुपयालाही साल बदलताच बट्टा लागत असे. तो झिजेचा बट्टा नव्हताच. जुना रुपया लोकांनी टांकसाळीत आणून पुन्हा पाडून घ्यावा, त्यावर राजाला पडणावळ मिळावी आणि मध्ये सराफाचाही हात ओला व्हावा, अशी ती व्यवस्था होती. ज्याच्याकडे रुपया साठून राहतो त्याचे नुकसान, आणि ज्याच्या हातातून तो फिरतो त्याचा फायदा. शेतकऱ्याकडे पैसा सुगीला येतो आणि हप्त्याला जातो. मधल्या मुदतीत साल पालटले की त्याचा रुपया आपोआप लहान होई.

महाराष्ट्रात पेशवाईत आणखी एक गुंतागुंत होती. टांकसाळी पुष्कळ, आणि कित्येक मक्त्याने दिलेल्या. रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच, पण खूण ज्याची त्याची. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया; चांदवडचा चांदवडी; मल्हाररावाच्या नावाचा मल्हारशाही; शिवाय सुरती आणि हाली. प्रत्येकाची चांदी थोडी निराळी, आणि बाजारातला भाव त्याहून निराळा. माणसाने धान्य एका रुपयाने विकावे आणि सारा दुसऱ्या रुपयाने भरावा, मधला फरक आपल्या पदरचा. म्हणून तर गावगाड्यात नाणे पारखणारा पोतदार लागे. हे काम बहुधा सोनाराकडे असे. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे आपल्याकडे त्याच काळाची. आणि भाषा पाहा: नावाला बट्टा लागला, खणखणीत नाणे, बंदा रुपया, खुर्दा उडाला. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना एकदा हे शब्द घेऊन बसवावे, अर्धा इतिहास तिथेच होईल.

सराफ रुपया पारखताना त्यावर छोटा छेद देत किंवा आपली खूण ठोकत. अशा खुणांचे जुने रुपये अजून मिळतात. त्या काळी ती खूण म्हणजे खरेपणाचा दाखला; आजचा संग्राहक मात्र तिच्यासाठी पैसे कमी देतो. काळ बदलला की तीच खूण गुणाची दोषात जमा होते.

बट्ट्याचा हा घोळ कंपनी सरकारलाही जड जाऊ लागला, कारण आता सारा वसूल करणारे तेच होते. त्यांनी बंगालमध्ये एक मासलेवाईक तोड काढली. रुपयावर बादशहा शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच कायम ठेवायचे ठरले. साल बदललेच नाही तर बट्टा कशावर घेणार? हा 'एकोणीस सनी' सिक्का पुढे साठ वर्षे निघत राहिला. शाह आलम १८०६ साली वारला, तरी त्याच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष काही संपेना! नाण्यावरचे साल वाचून त्याचे वय ठरवू पाहणाऱ्या नवशिक्याला पहिला ठेच लागणारा दगड हाच.

खरा तोडगा १८३५ साली आला. त्या वर्षीच्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलुखाला एकच रुपया लागू झाला. वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन निव्वळ चांदी. बादशहाचे नाव जाऊन विल्यम राजाचा मुखवटा आला. आजच्या मापाने वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी १०.६९ ग्रॅम. हे दोन आकडे श्रोत्यांनी लिहून ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळे रुपया हा पैसाही झाला आणि वजनही. वैद्याची पुडी आणि सोनाराचा तराजू 'रुपयाभार' याच मापाने बोलू लागला. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर.

हा यंत्रावर पाडलेला रुपया म्हणजे कलदार. कल म्हणजे यंत्र. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द चांगला आठवेल, कारण तिथे निजामाचा हाली शिक्का चाले आणि कलदाराशी त्याचा हिशेब करावा लागे. शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात असे ते प्रमाण होते. ते काही हवेतून आलेले नाही. चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा रुपया वजनाने थोडा कमी, ११.१८ ग्रॅम, आणि त्यात चांदी शेकडा सुमारे ८२. दोन्हींतली निव्वळ चांदी काढून भागाकार करा, जवळजवळ सहास सातच येते. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घालावे. आमच्या विद्यार्थ्याच्या पुरचुंडीत असे दोन चारमिनार निघाले. आजीचे माहेर मराठवाड्यातले.

आता राणीचा रुपया. व्हिक्टोरियाचे पहिले रुपये १८४० सालचे, आणि हेच साल घातलेले रुपये १८६१ पर्यंत पडत राहिले. मग १८६२ चे साल आले आणि तेही १८७४ पर्यंत तसेच गोठले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र कोणते नाणे कोणत्या वर्षीचे हे ओळखता यावे म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके घालण्याची युक्ती केली. सामान्य माणसाला ते दिसतही नाहीत. संग्राहक भिंग लावून ते मोजतो, आणि काही ठिपक्यांच्या रुपयाला साध्या रुपयाहून बरेच जास्त मोजतो. त्यानंतर साल दरवर्षी बदलू लागले, आणि १८७७ पासून राणीची 'एम्प्रेस' झाली.

इथवर रुपयाची चांदी आणि रुपयाची किंमत या दोन गोष्टी साधारण जोडीने चालत होत्या. त्याचे कारण टांकसाळ सगळ्यांना खुली होती. कुणीही चांदी घेऊन जावे, शेकडा दोन पडणावळ आणि थोडी गाळणावळ द्यावी, आणि रुपये पाडून आणावेत. शेतकरी स्वतः मुंबईला जात नसे हे खरे. सराफ जाई आणि आपला वाटा काढी. पण बायकोच्या पायातले वाळे रुपयाच्या भावाच्या फार खाली जाऊ शकत नव्हते. खाली टांकसाळीची जमीन होती. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतले चांदीचे दागिने ढिगाने मुंबईच्या टांकसाळीत आले आणि रुपये होऊन बाहेर पडले. दागिना गेला, पण त्याच्या वजनाइतके रुपये जवळजवळ हातात आले. खेड्यातली बाई चांदी अंगावर घाली ती केवळ मिरवायला नव्हे. तिची बँक तीच होती.

२६ जून १८९३ रोजी ही बँक बुडाली. कुणी लुटली नाही, दार नुसते बंद झाले.

झाले असे. युरोपातले देश सोन्याच्या चलनाकडे वळले आणि जगात चांदी स्वस्त होत गेली. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, ते उतरत उतरत १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आले. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडात दरसाल पेन्शने, व्याज आणि लष्करी खर्च पौंडांत भरावा लागे. तेवढ्याच पौंडांना आता जास्त रुपये पडू लागले. कर वाढवावा तर लोक खवळणार. तेव्हा लॉर्ड हर्शेल यांच्या कमिटीने सल्ला दिला की टांकसाळी लोकांना बंद करा; रुपये सरकारनेच पाडावेत, बेताने पाडावेत, म्हणजे रुपया महाग होईल. तसेच झाले. १८९८ च्या सुमाराला रुपया एक शिलिंग चार पेन्सवर येऊन ठरला.

यात एक सोपा हिशेब आहे. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे सोळा पेन्स; रुपयाचे आणेही सोळा. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा. लंडनच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्स असेल तर रुपयातल्या चांदीची किंमत सोळा आणे भरते. १८९७ साली तो भाव साडेसत्तावीसच्या आसपास होता. त्रैराशिक मांडा. रुपयात चांदी फक्त दहा आण्यांची, आणि त्यावरच्या राणीच्या मुखवट्याची किंमत सहा आणे!

हा सहा आण्यांचा वरचा भाव कुणाच्या पदरात पडला? रुपये पाडणाऱ्या सरकारच्या. १९०० नंतर त्या नफ्याचा वेगळा निधीच राखून ठेवलेला होता. आणि गेला कुणाचा? ज्यांच्याकडे रुपये नव्हते, नुसती चांदी होती त्यांचा. १८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ पडला, १८९९-१९०० ला त्याहून मोठा पडला. बाया पुन्हा वाळे, गोठ, सरी घेऊन सराफाच्या ओट्यावर बसल्या. सारा रुपयांत भरायचा होता, धान्य रुपयांनी मिळत होते, आणि तोळाभर चांदीला बाजार दहा आणे दाखवीत होता. सराफाची घट त्यातूनच जायची. बावीस वर्षांपूर्वी सासूने त्याच वजनाचे वाळे देऊन जवळजवळ बंदा रुपया आणला होता. चांदी तीच, तराजू तोच. फक्त टांकसाळीचे दार लागलेले. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत १८९३ चा हा निर्णय हुंडणावळीच्या प्रकरणात येतो, आणि तो तिथे येतो म्हणूनच शाळकरी पोराला त्यात काही राम वाटत नाही. तो खरे म्हणजे दुष्काळाच्या प्रकरणात शिकवायला पाहिजे, असे माझे मत आहे.

पुढे पारडे उलटे फिरले. पहिल्या महायुद्धात चांदी चढली. १९१७ साली ती ४३ पेन्सांच्या वर गेली, म्हणजे रुपया आटवण्यात फायदा होऊ लागला. सरकारने रुपये आटवण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली. लोकांचा कागदावर विश्वास बसेना. रुपये मडक्यांत जाऊ लागले. शेवटी १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या खजिन्यातली वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी मोकळी केली, तेव्हा कुठे ओढ निभावली. एकट्या १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदी साडेएकोणनव्वद पेन्सांपर्यंत चढली आणि मग कोसळली.

हा चाळीस कोटींचा आकडा मी मुद्दाम सांगितला. आमच्या विद्यार्थ्याच्या सुट्या रुपयांत १९१८ चे सात निघाले. शंभर वर्षांचे जुने नाणे, खरे. पण ज्याची चाळीस कोटी भावंडे आहेत त्याला संग्राहक चांदीवर कितीसा भाव देणार? याउलट १९११ चा रुपया पाहा. पंचम जॉर्जचा तो पहिलाच रुपया. राजाच्या झग्यावर पदकातला हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर दिसला. ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर गेले होते; बाकीचे आटवले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. आज त्या रुपयाला वरचा भाव मिळतो तो या घोटाळ्यामुळे. आमच्या पुरचुंडीत तो नव्हता. दोनदा पाहिले.

दुसरा तसाच १९३९ चा. सहाव्या जॉर्जचा, चोख चांदीचा, फार थोडा शिल्लक राहिलेला. म्हणूनच त्याची नक्कल फार होते. असा रुपया स्वस्तात देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे.

१९४० मध्ये पुन्हा युद्ध आणि पुन्हा चांदीची ओढ. या वेळी सरकारने रुपयाचे वजन तेच ठेवले आणि चांदी अर्धी केली: पन्नास भाग चांदी, चाळीस तांबे, पाच निकेल, पाच जस्त. जुने चोख रुपये मागे घेणे सुरू झाले. राणीछाप १९४१ साली चलनातून गेला, एडवर्डचा १९४२ साली, जॉर्जचे चोख रुपये १९४३ साली. म्हणजे आजीने हे रुपये बांधून ठेवले तेव्हा, किंवा थोड्याच दिवसांत, बाजारात ते 'चालत' नव्हते. तिने ते चांदी म्हणून ठेवले. १९४७ साली रुपया निव्वळ निकेलचा झाला.

आता टेबलावरच्या रुपयांकडे येऊ. आम्ही दोघांनी ते निवडले. लोहचुंबक फिरवला तसा एक टपकन चिकटला. तो १९४७ चा निकेलचा. त्यात चांदीचा अंश नाही. चार निघाले १९४० नंतरचे, अर्ध्या चांदीचे. त्यांत प्रत्येकी ५.८३ ग्रॅम. दोन चारमिनार. उरलेले छत्तीस चोख: बारा कडीचे आणि चोवीस सुटे. एकूण निव्वळ चांदी सव्वाचारशे ग्रॅमच्या घरात, झीज वजा जाता थोडी कमी. सराफ निकेलचा एक बाजूला टाकून बाकी सगळे एका मापाने मोजणार होता. चांगल्या सराफाला लोहचुंबक लागत नाही, बोटालाच कळते. घट कापून दर रुपयाला आठ ग्रॅमच धरले जात होते. चोख रुपयात चांदी १०.६९ ग्रॅम. म्हणजे चौथा हिस्सा हातोहात गेला.

सराफाचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. त्याला माल आटवावा लागतो, शुद्ध करावा लागतो, आणि तोवर भाव खाली आला तर फटका त्यालाच. पण राणीछाप रुपया म्हणजे अनोळखी वाळे नव्हे. त्याची चांदी कायद्याने ठरलेली आहे आणि सव्वाशे-दीडशे वर्षे जगजाहीर आहे. वजन करा, बारात अकरा धरा, दुकानातल्या फळीवरच्या त्या दिवसाच्या भावाने गुणा, आणि मग बोलणी सुरू करा. झिजलेला रुपया वजनातच कमी भरतो. १८७० च्या कायद्याप्रमाणे शेकडा दोनपेक्षा जास्त झिजलेला रुपया चलनालासुद्धा चालत नसे. तेव्हा झीज एकदा तराजूत धरल्यावर पुन्हा घटीत धरू द्यायची नाही.

आणि वरच्या भावाचे काय? तो साल, टांकसाळीची खूण, ठिपके आणि नाण्याची तब्येत यांवर ठरतो. तब्येत म्हणजे राणीच्या केसांच्या बटा आणि झग्यावरची नक्षी किती शाबूत आहे ते. कडी डागलेली, भोक पाडलेले, छेद दिलेला रुपया संग्राहक बहुधा चांदीच्या भावानेच मागतो. आणि आमच्या आयाबहिणींना हात जोडून सांगणे आहे की जुने नाणे चिंचेने, राखेने, रांगोळीने घासू नका. दिवाळीला लख्ख दिसावे म्हणून घासलेल्या रुपयाचा वरचा भाव त्या राखेबरोबर मोरीत जातो. काळा पडलेला तसाच राहू द्यावा.

आणखी एक. संग्राहकाला विकत घेताना जो भाव पडतो तोच विकताना मिळेल असे नाही. व्यापारी मध्ये आपला नफा ठेवतोच. नव्या लक्ष्मीगणपतीच्या चांदीच्या नाण्याला तर घडणावळ आणि कर भरून घेतलेले असते; परत विकायला गेले की फक्त चांदी मोजली जाते. १९६९ चे गांधींचे दहा रुपयांचे नाणे घ्या. पंधरा ग्रॅम वजन, शेकडा ८० चांदी, म्हणजे बारा ग्रॅम. छापील किंमत दहा रुपये, चांदीची किंमत त्याच्या कितीतरी पट. पण नाणे सहज मिळते, म्हणून हौशीचा भाव त्यावर थोडाच.

जुने तेवढे महाग, ही समजूत तर मुळासकट काढली पाहिजे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचे घबाड सापडले. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रूचे नाणे आटवत बसण्यापेक्षा त्याच्या तोंडावर आपला शिक्का ठोकला की काम झाले! आपल्या इतिहासाला या ठेव्याचे मोल करता येणार नाही. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. पण त्यातले एकेक नाणे, अठराशे-एकोणीसशे वर्षांचे असूनही, १९११ च्या 'डुक्कर' रुपयाइतके विरळ नाही असे म्हणता येईल का, हा वादाचा विषय होईल. एवढे नक्की की वय वेगळे आणि विरळपणा वेगळा.

शेतात नांगराला असे गाडगे लागले तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवले पाहिजे. कळवले नाही तर हक्क बुडतो आणि शिक्षाही होते. कळवले, आणि कुणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन तो घेता येतो. म्हणजे वरचा भाव कायद्याने ठरवून दिलेला, शेकडा वीस! सराफ आजीच्या रुपयातून शेकडा वीस कापत होता. १८७८ चा कायदा तेवढेच वर घालतो. आकड्यांचा हा योगायोग आमच्या विद्यार्थ्याच्याच लक्षात आला, माझ्या नव्हे.

दोन लाखांच्या गोष्टीचा निकाल लवकर लागला. तो फोनवरचा माणूस आधी नोंदणीचे म्हणून काही हजार रुपये मागत होता. अशा लोकांनी रिझर्व्ह बँकेचे नावसुद्धा वापरायला कमी केले नाही. २०२१ साली बँकेला जाहीर करावे लागले की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात तिचा काही संबंध नाही आणि ती अशा कामाची फी घेत नाही. रामपंचायतन किंवा मारुती असलेली, १८१८ साल घातलेली 'कंपनीची' नाणी हाही त्यातलाच प्रकार. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत.

मोटारीचे पैसे उभे राहिले. जिल्ह्याच्या गावी एका संग्राहकाने सुट्या रुपयांतले १८६२ चे पाच भिंगाखाली धरले, ठिपके मोजले आणि त्यांतल्या दोनांना चांदीच्या दीडपट भाव दिला. बाकीचे सुटे आणि दोन चारमिनार दुसऱ्या एका सराफाने वजन करून, चांदीचा अंश धरून घेतले. अर्ध्या चांदीचे चार अर्ध्या हिशेबाने. घट धरली, पण बेताची. निकेलचा रुपया मुलाने मला देऊ केला. मी तो वर्गात दाखवायला ठेवला आहे.

कडीचे बारा मात्र विकले नाहीत. त्यांना वरचा भाव येणार नव्हता, हे मुलाने आईला समजावून सांगितले होते. ती म्हणाली, "ते आत्याबाईंच्या गळ्यातले आहेत. ते राहू देत."